विहिरीवर ताडपत्री

माझे वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, त्याला वीस वर्षं होऊन गेली. अणुबाँब पडला तर तुकडीनं काय करायचं, हे ते जवानांना शिकवायचे. घरी मात्र त्यातलं अवाक्षर त्यांनी कधी काढलं नाही.

गेल्या वर्षी सीमेवर लढाई पेटली तेव्हा माझा धाकटा भाऊ, तोही फौजेतच, तिकडं तैनात होता. फोन लागत नव्हता. मी कराडच्या शाळेत राज्यशास्त्र शिकवते. उन्हाळ्याची सुट्टी म्हणून उंब्रजला माहेरी आले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर वडील एकटेच मळ्यातल्या विहिरीवर ताडपत्री ओढत होते.

भावजय धावत गेली. "आवं आबा, ह्ये काय चाललंय?"

"धुरळा पाण्यात पडाय नगं."

"कसला धुरळा?"

ते ताडपत्रीच्या कडांवर दगड ठेवत राहिले. घरी येऊन खिडक्यांच्या फटीत पोती कोंबली, हंडे-कळश्या भरून झाकल्या. मग म्हणाले, "पाऊस आला तर पोरांना भिजू देऊ नगा. वैरणीचा वरला थर फेकायचा, खालची तेवढी जनावरांना घालायची." उसाला पाणी कधी द्यायचं हे सांगावं तितक्या शांतपणे. तेव्हा मला कळलं, ते अणुबाँबच्या धुरळ्याबद्दल बोलत होते.

दुपारी त्यांनी मला विचारलं, "त्यांच्यात आन् आपल्यात बाँबचा काय करार हाय का न्हाई?"

"दरवर्षी दोघं आपापल्या अणुठिकाणांची यादी एकमेकांना देतात. तिथं हल्ला करायचा नाही."

"आन् बाँब किती ठेवायचे, त्याचा?"

"त्याचा नाही. तसला अमेरिका आणि रशियात आहे. शेवटचा एकच उरलाय."

पाचव्या दिवशी भावाचा फोन आला. लढाई थांबली होती. भावजय रडली. वडिलांनी ताडपत्री काढली, पण माळ्यावर टाकली नाही. दाराशी घडी करून ठेवली.

यंदा अमेरिका-रशियाचा तो शेवटचा करारही संपला. दहावीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पुस्तकात लिहिलंय, बाँबवर मर्यादा आहे. बातम्यांत सांगतात, मुदत संपली, सगळेच नवी क्षेपणास्त्रं बनवतायत. मग परीक्षेत काय लिहायचं?"

"पुस्तकातलं लिहा," मी म्हणाले. सगळ्यांनी माना खाली घालून लिहून घेतलं. मला स्वतःचीच लाज वाटली.

रविवारी उंब्रजला जाऊन हे वडिलांना सांगितलं. त्यांनी दाराशी ठेवलेल्या ताडपत्रीची घडी सारखी केली.

"आमी फौजेत पोरांना शिकवायचो, मास्क चढवा आन् हुकमाची वाट बघा. एकानं इचारलं, साहेब, हुकूम देणाराच उरला न्हाई तर? मी त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "त्याचं काय चुकलं व्हतं?"

सोमवारी मी त्या मुलीला सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "तुझा प्रश्न बरोबर होता. पुस्तकातली मर्यादा आता उरली नाही. पुढं काय, याचं उत्तर मला येत नाही."

तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. ती हळूच खाली बसली. आधीपेक्षा जास्त घाबरलेली दिसत होती.