पेटीची मागची बाजू

९ डिसेंबर. काम: पाचवीच्या भूमितीच्या उत्तरपत्रिका. दुसऱ्या दिवशी शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मुलींची यादी द्यायची होती. निम्म्याहून कमी गुणांची नावं गळणार होती.

तळोद्याजवळच्या आमच्या आश्रमशाळेच्या ओट्यावर उन्हाकडे पाठ करून बसले होते. थंडीतल्या दुपारी समोरचा सातपुडा निळा कागद कापून चिकटवल्यासारखा दिसतो. त्याला जाडी नसते. बघता बघता डोळे जड होतात.

प्रश्न होता, पेटीचं चित्र काढा. बहुतेकींनी पुस्तकातल्यासारखी तिरकी काढली होती, तीन बाजू दिसणारी. एकीने सहा चौकोन काढले होते. चार ओळीने, एक वर, एक खाली. मी शून्य दिलं. तेवढ्यानेच ती यादीतून जात होती, आणि परीक्षेला बसायचं म्हणून ती महिनाभर माझ्या मागे होती. बोलावून घेतलं.

"पेटी अशी दिसते का गं?"

"दिसत नाही मॅडम. असते."

"पुस्तकात तीनच बाजू आहेत."

"मग मागची कुठे गेली? घरी आई धान्याची कणगी लिंपते ना, ती मागूनच सुरू करते. मागची विसरली की उंदीर तिथूनच शिरतो."

शेजारी मेथी निवडणारी स्वयंपाकीण मावशी खुदकन हसली. "खरं शे मॅडम. तुम्हनी पेटीमा उंदीर शिरतीन!"

मुलीला वर्गात पाठवलं. मावशीकडे साबणाचं रिकामं खोकं होतं. ते जोडांवर सोडवून ओट्यावर पसरलं. चार ओळीने, एक वर, एक खाली.

घडी घातली की आत जागा व्हायची. उलगडली की नुसता पुठ्ठा. कितीदा केलं कोण जाणे. डोंगरही कुणीतरी उलगडून ठेवल्यासारखा वाटू लागला. मुलगी त्याच्याच एका घडीतल्या पाड्यावरून आली होती. पाठीवरचं ऊन कधी गेलं, कळलं नाही.

सकाळी शून्य खोडून पूर्ण गुण दिले, तिचं नाव यादीत लिहिलं. पण परीक्षेत तिरकी पेटीच विचारतात. म्हणून प्रार्थनेआधी खोकं परत जोडून स्टुलावर ठेवलं आणि तिला समोर बसवलं. "हलायचं नाही. इथून दिसतं तेवढंच काढ."

तिने तीन बाजू काढल्या. मग उठून स्टुलामागे जाऊन बघून आली. मी यादी घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले.