वामनकाकांचं कॉकटेल

आमच्या घरात किस्से सांगायला कुणी मुद्दाम बसत नाही. ते वाडीतल्या लिंबांसारखे साचतात. रोज चार पडतात, कुणीतरी उचलून पडवीतल्या टोपलीत टाकतं आणि टोपली भरून वाहायला लागली की सासूबाई म्हणतात, "आता ह्यांचं काहीतरी करायला हवं." घरात सगळ्यांत नवी मी, त्यामुळे निवडायचं काम माझ्याकडे. किडके बाजूला काढले. उरलेले बहुतेक सगळे वामनकाकांचे निघाले.

वामनकाका म्हणजे माझे चुलतसासरे. मुंबईत एका साहेबी क्लबात पंधरा वर्षं बारवर होते. दारूबंदी आली, बार बंद झाला. माझ्या लग्नाला चारच महिने झाले होते, तेव्हा काका एक ट्रंक घेऊन विरारजवळ बोळिंजला घरी परत आले. ट्रंकेत दोन सदरे, गळ्याशी बांधायचा एक काळा बो आणि लिंबू पिळायचं काचेचं भांडं. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतः थेंबही घेतला नव्हता.

"मग चव कशी कळायची?" मी एकदा विचारलं.

"पिणाऱ्याच्या भुवयांवरून," काका म्हणाले.

*

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी काका स्वयंपाकघरात शिरले आणि मांडणीवरची भांडी न्याहाळायला लागले. तांब्या उचलला, ठेवला. फुलपात्र दुसऱ्या फुलपात्रावर उपडं घालून पाहिलं. शेवटी त्यांना पसंत पडला मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, वाडीत न्याहारी न्यायचा कडीचा डबा. नुकतीच कल्हई झालेला.

त्यात पपनसाचा रस, दोन कागदी लिंबं, आल्याचा रस, चिमूटभर मीठ आणि गुळाचा पाक घातला. साखर रेशनची, ती पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली. मग कडी लावून डबा कानाशी धरला आणि दोन्ही हातांनी असा काही हलवला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

सासूबाई दारात येऊन थोडा वेळ बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "भावोजी, रवी देऊ का?"

"वहिनी, ह्याला कॉकटेल म्हणतात."

"अगं बाई, म्हणजे दारू?"

"छे. सगळं वऱ्हाड आलंय, फक्त नवरदेव नाही."

*

पहिला पेला अर्थातच मामंजींसाठी होता. ते चार वाजता वाडीतून आले, पाय धुतले, झोपाळ्यावर बसले. सासूबाईंनी पेला पुढे केला.

"कुणी केलं?"

"वामनभावोजींनी."

मामंजींनी पेला खाली ठेवला. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नाही. "ज्या हातांनी पंधरा वर्षं लोकांना दारू ओतली, त्या हातचं मी पाणीसुद्धा घेणार नाही," एवढं म्हणून ते विहिरीवर गेले आणि स्वतः पाणी काढून प्यायले.

काका माजघरात उभे होते. सगळं ऐकलं होतं. आम्ही दोघी काही बोलणार, एवढ्यात तेच म्हणाले, "बर्फ नव्हता, त्यामुळे."

*

मग काका बर्फाच्या मागे लागले. विरार स्टेशनावर मासळीसाठी बर्फ उतरायचा, भुशात आणि गोणपाटात गुंडाळून. तिथून एक लादी मिळवून ते टांग्यानं घेऊन आले. घरी पोचेपर्यंत लादीची वीट झाली होती. ती फोडून डब्यात घातली, डबा हलवला, बाहेरून त्याला छान घाम फुटला. काकांचा चेहरा असा काही उजळला, की मामंजी सोडून आम्ही सगळ्यांनी पेले घेतले.

पहिल्या घोटानंतर सगळ्यांनी पेल्यात नाक घालून पाहिलं. बर्फ बोंबलांच्या शेजारी बसून आला होता.

सासूबाईंनी पेला पूर्ण संपवला, कारण त्यांना दिराचं मन मोडवत नाही. मग पदरानं ओठ टिपून म्हणाल्या, "छान झालंय. आमसूल तेवढं घालायचं राहिलं."

*

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. क्लबातला वामन घरी कॉकटेल करतो, ही बातमी चौकीपर्यंत पोचली आणि एका भर दुपारी हवालदार आले. मामंजी वाडीत, आणि हे, म्हणजे माझे यजमान, नोकरीसाठी मुंबईला. सासूबाईंनी घाईघाईनं देवापुढे दिवा लावला. काकांनी मात्र क्लबात साहेब आल्यावर द्यावी तशी हवालदारांना खुर्ची दिली आणि त्यांच्यासमोरच डबा हलवला.

हवालदारांनी वास घेतला. एक पेला प्यायले. "नक्की सांगता येत नाही," म्हणाले. दुसरा प्यायले. तिसऱ्यानंतर टोपी काढून मांडीवर ठेवली आणि वहीत लिहिलं. जाताना मोठ्यानं वाचूनही दाखवलं: "आक्षेपार्ह काही आढळले नाही. आले थोडे जास्त."

काकांना ते दोन दिवस लागून राहिलं. "पंधरा वर्षांत एका साहेबानं असं म्हटलं नाही," एवढंच पुटपुटायचे. तिसऱ्या दिवसापासून आलं कमी झालं.

*

शेजारच्या नंदाखाल गावातला ख्रिस्ती इनास मामंजींचा जुना स्नेही. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. "वामनभाऊ," तो काकांना म्हणाला, "बंदीमुलं वाइन नाय. मंडली काय पानी पिऊन नाचतील?"

काकांनी काळा बो लावला आणि नंदाखालला जाऊन हंडाभर कॉकटेल केलं. त्यात काय आहे हे त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. इनासच्या म्हाताऱ्या मामाला तर दोनदा सांगितलं. मामानं डोळा मारला, "समजलं, समजलं," म्हणाला आणि चार ग्लासांनंतर बँडवाल्याचं ढोलकं काढून घेतलं. शेवटी त्याला दोघांनी धरून घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाचा निरोप आला: डोकं फार धरलंय, उतारा म्हणून लिंबाचं सरबत पाठवा.

काकांनी त्याच हंड्यातलं पाठवलं. दुपारपर्यंत मामा बरा झाला.

*

सगळा गाव प्यायला. मामंजी मात्र प्यायले नाहीत. काका मला पपनस सोलायला शिकवायचे, पांढरी साल कणभरही राहू द्यायची नाही, लिंबू कापण्याआधी पाट्यावर तळहाताखाली लोळवायचं. शिकवताना त्यांचा एक कान झोपाळ्याच्या कड्यांकडे असायचा.

एके दिवशी मी काकांनी केलेला पेला उचलला आणि स्वतःच मामंजींपुढे नेऊन ठेवला.

"कुणी केलं?"

मी खाली बघून पदर सावरला. नव्या सुनेनं सासऱ्यांसमोर बोलायचं नसतं. हा नियम मला लग्नानंतर पहिल्यांदाच उपयोगी पडला.

मामंजींनी पेला उचलला. प्यायले. शेवटच्या घोटाला पेला थोडा तिरका करून तळातला रससुद्धा घेतला. मी आत आले, तर काका दाराआडून विचारतात, "भुवया?"

"वर गेल्या," मी सांगितलं.

काका मागच्या दारी गेले आणि बराच वेळ केळींकडे बघत उभे राहिले.

मग ते रोजचंच झालं. काकांनी करायचं, मी न्यायचं, मामंजींनी प्यायचं. मामंजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले, "आमच्या सूनबाईच्या हाताला चव आहे." ते ऐकलं की मला जमिनीत शिरावंसं वाटायचं. काका म्हणायचे, "असू दे गं. पोटात जातंय ना."

*

दिवाळीनंतर दमणहून पत्र आलं. तिथं पोर्तुगीजांचं राज्य, दारूबंदी नाही. क्लबातला जुना सोबती एका हॉटेलात होता, तो काकांना बोलावत होता.

"जाऊन बघून येतो," काका फक्त मला म्हणाले. "दादांना, तुझ्या मामंजींना, बोलू नकोस. घरातही नको."

"इथं काय वाईट आहे, काका?"

"वाईट काही नाही. पण तिथं समोरचा माणूस ग्लास माझ्या हातातून घेईल."

पहाटेच्या गाडीनं ते वापीला गेले. तिथून पुढे दमण. सासूबाईंना वाटलं, नंदाखालला गेले असतील.

त्या दुपारी पेला मी केला. पपनस निगुतीनं सोललं. लिंबं लोळवली. आलं हवालदारांच्या मापानं घातलं. डबा कानाशी धरून हलवला, अगदी म्हैस उठेपर्यंत. चव घेतली, तर मला काहीच फरक कळला नाही.

चार वाजता मामंजी झोपाळ्यावर बसले. मी पेला ठेवला. त्यांनी एक घोट घेतला, थांबले, आणि पेला खाली ठेवला.

"वामन कुठे गेलाय?"

मी पदर सावरला.

"तसं नको, पोरी. सांग."

"दमणला."

झोपाळा थांबला. 

"परत येणार आहे ना?"

"संध्याकाळच्या गाडीनं येतो म्हणाले."

मामंजींनी पेला माझ्याकडे सरकवला.

"मग हे आत ने," ते म्हणाले. "तो आल्यावर त्याच्या हातून घेईन."