नाल्याच्या वाटेने गेलेला ढावलो

माझी याडी, म्हणजे आई, हट्टी होती हे तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण थोरल्या बहिणीच्या पाठवणीला तिने जो हट्ट धरला, त्याला तोड नाही.

विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता, त्या सुमाराचा माघ. फुलसावंगीच्या अलीकडे, टेकडीखाली आमचा बंजाऱ्यांचा तांडा. आमच्यात नवरी सजवलेल्या बैलावर उभी राहून ढावलो म्हणते. रडत, गात माहेराचा निरोप घेते. बहीण तर हळदीपासूनच रडत होती. नवऱ्याशी अक्षर बोलली नव्हती. पोरगी सासरी रमेल का, या काळजीने याडीचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. निदान जाईल तिथपर्यंत लेकीचा आवाज कानावर पडावा, एवढंच तिचं मागणं.

नवरदेवाचा काका म्हणाला, ऊन पडल्यावर टेकडीवरून जाऊ, उंचावरचा आवाज लांब जातो. सगळ्या शहाण्यांनी माना डोलावल्या. याडी एकटी आडवी आली. बोलणं सारं आमच्या गोरबोलीतलं, मी इथे वऱ्हाडीत सांगते.

"इवाईबुवा, गारठा वजनदार असते. तो खाली नाल्यात बसते, अन् आवाज बी त्याच्यासंगंच राह्यते. ऊन तापलं का सारं उडून जाते. माह्या लेकीले झुंजूमुंजू नाल्यानं न्या."

काका हसला. पण याडी बैलाचं दावं धरून बसली, तेव्हा तांड्याच्या नायकानेच नाल्याची वाट ठरवली.

पुढे यवतमाळला शिकायला गेले तेव्हा समजलं, की थंड हवा जड. पृथ्वी तिला ओढते आणि ती पाण्यासारखी खोलगटात साचते. वर ऊबदार हवेचा थर असतो. वर निघालेला आवाज त्या उबेत शिरला की वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. मला याडीचा असा काही अभिमान वाटला, की वर्गातच हसू फुटलं. तिच्या बापाने बैलांवर लादून गावोगाव मीठ नेलं होतं. पहाटे दूरच्या बैलांच्या घंटा ऐकायला ती माणसं खोलगटातच बसत; तिला हे तिथूनच ठाऊक.

तर पहाटे वरात निघाली. बाकीचे घरी परतले, याडी नाल्याच्या वाळूत बसून राहिली. मी शेजारी. बहीण वळणाआड गेली तरी ढावलोचा शब्द न् शब्द येत होता. मग बराच लांबून, एकाएकी गाणं थांबलं. याडीने माझा हात घट्ट धरला.

थोड्या वेळाने बहिणीचा आवाज आला. साधा, घरातल्यासारखा.

"काटा रुतला काय तुमाले? थांबा ना, मी उतरतो."

नवरदेवाचा आवाज काहीतरी पुटपुटला. त्यावर बहीण हसली. चांगली खळखळून हसली.

सगळ्या लग्नात याडीने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. "हासली," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हुंदके देत रडली.