धरमाभाऊंचा राब

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला वाटतं, पवनानगरचं ते यंत्र मोडीत निघालं म्हणून मी तिकडचा विषय टाळतो. तसं नाही.

यंत्र म्हणजे हवा ओढणारे मोठे पंखे, त्यांच्यामागे गाळण्या, आणि गाळण्यांमागे एका खास पदार्थाचे थर. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या थरांत अडकायचा. मग थर तापवून तो वेगळा काढायचा. नुसती चाचणी होती ती. तिथल्या धरणाच्या वरच्या अंगाला जागा घेतलेली, आणि राखणीला शेजारच्याच शेतातले धरमाभाऊ. माझ्याहून वयानं बरेच मोठे. मी लोणावळ्याहून पोचलो की आधी चहा पुढे करायचे, मग चौकशी — "काय म्हन्तंय तुमचं जनावर? खाल्लं का कायी?"

खात नव्हतं. तिथंच तर सगळं अडलं होतं. पैसे देणारे पाहुणे बघायला यायचे होते, आणि थरांत अडकलेल्या वायूचे आकडे फार किरकोळ होते. मी वर कळवलेले मात्र चांगले होते. म्हणजे खोटं तिथूनच सुरू झालं, नाही का?

उन्हाळा सरत आला होता. मावळात तेव्हा भाताच्या रोपांसाठी राब भाजतात — शेण, पालापाचोळा, फांद्या जमिनीवर पसरून पेटवतात. उतारावर जिकडंतिकडं धूर. धुराच्या हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त, म्हणजे थरांत अडकणार जास्त. मी भाऊंना म्हटलं, पाहुणे येतील त्या सकाळी तुमचा राब पेटवाल का? पंख्यांच्या बाजूचा?

ते हसले. "जनावराला धूर लागतूय व्हय? मंग घालू की खाया."

आकडे छान आले. पाहुणे खूश होऊन गेले. त्या दिवसांत धुराकडे कोण बघतं?

पण काजळी गाळण्यांतून आत शिरली होती. थर कायमचे वाया गेले. आठवड्याभरानं पुण्याहून वरिष्ठ आले. झाकण उघडून आतलं काळं पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, हे कशानं झालं? भाऊ तिथंच उभे होते, पाण्याचा तांब्या घेऊन. आणि मी — कसं सांगू — मी त्यांच्याकडे बोट केलं. इंग्रजीतच म्हणालो, या माणसाला बजावलं होतं, तरी यानं न विचारता पेटवलं.

भाऊंना त्यातलं काही कळलं नाही. बोट आपल्याकडे वळलंय एवढंच दिसलं. त्यांना वाटलं, मी ओळख करून देतोय, कौतुक करतोय. त्यांनी तांब्या खाली ठेवला, डोक्यावरची टोपी नीट केली, आणि हसून वरिष्ठांना हात जोडले.

तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? मी झाकण बसवायला वाकलो.

दुसऱ्याच दिवशी त्यांचं काम गेलं. मला म्हणाले, "सायेब, माजं कुटं चुकलं का?" मी म्हणालो, वरून आलंय. भीती वाटत होती का? वाटत होती. पण ते कारण नव्हे; त्यांच्यावर ढकलणं सोपं होतं, एवढंच.

भाऊ आता मिळेल तिथं रोजानं जातात. पवनानगरच्या स्टँडवर भेटले की सोबतच्या माणसाला सांगतात, "ह्ये आमचं सायेब. त्या पुन्याच्या सायबाफुडं माज्यासाठी लय शब्द टाकला हुता यांनी."

मी त्यांना अजून एकदाही थांबवलेलं नाही.