मुद्देमालातला आवाज

निवृत्तीनंतर लोक मला खुनाच्या, दरोड्याच्या तपासाबद्दल विचारतात. माझ्या मनातून मात्र एक साधी चोरीच जात नाही. एक हार्ड डिस्क, किंमत काही हजार.

भाईंदरच्या जेसल पार्कमधल्या एका संगीतकाराने फिर्याद दिली, की त्याच्या स्टुडिओतून दुपारी हार्ड डिस्क गेली. मी जागेची पाहणी केली. महागडे माइक, कीबोर्ड, दोन लॅपटॉप, सगळे जागच्या जागी होते. विकायला चोरणारा माणूस लॅपटॉप सोडत नाही. स्टुडिओत झाडू-पोछा करणारी बाई त्या दिवसापासून आली नव्हती. महिन्यापूर्वी कामाला लागलेली, पत्ता कोणाकडेच नव्हता.

तिसऱ्या दिवशी भाईंदर पूर्वेच्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्याचा फोन आला. हा माझा जुना खबऱ्या.

"साहब, एक बाई हार्ड डिस्क लेके आयी थी. बेचने नहीं. बोली, इसमें का गाना सुनाओ. पासवर्ड था, खुली नहीं. कल फिर आएगी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली आणि आम्ही तिला ताब्यात घेतले. पन्नाशीची, भाईंदरजवळच्या डोंगरी गावातल्या एका आगरी घरातली. आजा मिठागरात राबलेला, नवरा वारलेला. डिस्क पिशवीत, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली होती.

महिला हवालदार शेजारी बसवून मी चौकशी सुरू केली. कोणाच्या सांगण्यावरून केलेस, कोणाला देणार होतीस, हे नेहमीचे प्रश्न. तासभर ती गप्प होती. पोलिसांसमोर गप्प बसणारी माणसे दोन प्रकारची असतात: घाबरलेली, आणि सांगून काही होणार नाही अशी खात्री पटलेली. ती दुसऱ्या प्रकारची होती, हे मला उशिरा कळले.

"तुला काहीच सांगायचं नाही का?" मी शेवटी विचारले.

"सांगितला व्हता," ती म्हणाली. "अर्ज दिला व्हता हितंच. तुमीच बसला व्हता."

मी आवक रजिस्टर मागवले. चार महिन्यांपूर्वीचा अर्ज सापडला. खाली माझा शेरा होता: 'दिवाणी स्वरूप. अर्जदारास समज दिली.' खाली सही माझीच.

तो अर्ज मी तेव्हा पुरता वाचलाही नव्हता. आता वाचला. तिची आई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन देवांना मांडवात बोलावणारी बाई. तिच्या धवल्यांशिवाय त्या गावात लग्न लागत नसे. हा संगीतकार अभ्यास करतो म्हणून त्यांच्या घरी आला, दोनदा जेवला, म्हातारीचे धवले रेकॉर्ड करून गेला. वर्षभरात म्हातारी वारली. मग देवाला बोलावण्याचा तोच धवला नाचाच्या ठेक्यावर, दुसऱ्या गायिकेच्या आवाजात बाजारात आला. गीत-संगीत म्हणून नाव त्याचे. मुलीने नाव मागितले नव्हते. आईच्या आवाजाची एक प्रत मागितली होती. तो फोन उचलेना.

"म्हणून तिथे कामाला लागलीस? त्याने ओळखलं नाही?"

"आमच्या घरान जेवला, साहेब. महिनाभर त्याच्या पायाखालची लादी पुसली. वर बघितलाच न्हाय त्यानं."

मी फिर्यादीला बोलावले. तो शांतपणे म्हणाला, "ही लोकगीतं आहेत, साहेब. ती कोणाच्या मालकीची नसतात."

"आणि डिस्क?"

"ती माझी आहे. बिल आहे माझ्याकडे."

बिल खरेच होते.

माल ओळखण्यासाठी पंचांसमक्ष त्याने पासवर्ड टाकला आणि एक फाईल लावली. आधी भांड्यांचा आवाज, कोणाचे तरी हसणे, मग म्हातारीचा थरथरता पण पक्का सूर. बाकावर बसलेली बाई उठून उभी राहिली आणि तिने डोक्यावर पदर घेतला. ठाणे अंमलदाराने लिहिणे थांबवले. सूर मध्येच तुटला, म्हातारीला खोकला आला आणि ती म्हणाली, "थांब गो, पानी दे." तेव्हा ती बाई अभावितपणे दोन पावले पुढे झाली.

फिर्यादीने फाईल बंद केली. "हीच डिस्क," तो म्हणाला.

"साहेब," ती माझ्याकडे वळली, "मना जेलात टाका. पन येकदा मोबाईलात भरून घेऊ दे."

मी म्हणालो, "तो मुद्देमाल आहे. कोर्टाच्या परवानगीशिवाय देता येत नाही."

डिस्क सीलबंद झाली. पुढे कोर्टाच्या हुकमाने ती फिर्यादीला परत गेली. त्याने तडजोडीची तयारी दाखवली, अट एकच: या गाण्यांवर आमच्या कुटुंबाचा कुठलाही हक्क नाही, असे लिहून द्यायचे. तिने सही केली. प्रत तिला मिळाली नाही. माझ्या वरिष्ठांनी चार दिवसांत तपास लागला म्हणून कौतुक केले.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे विचाराल तर मोठे काही सांगता येणार नाही. समोरचा अर्ज शेवटपर्यंत वाचावा, एवढे नक्की. त्या दिवशी मी नियमाबाहेर एक पाऊल टाकले नाही, आणि तेच मला आज खुपते. डिस्क उघडीच होती, सील अजून लागायचे होते. मी फिर्यादीला घेऊन दोन मिनिटे चहाला बाहेर गेलो असतो, तर कोणाचेच काही बिघडले नसते.