खालचा आवाज

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी मी सोलापुरात मुलींच्या एका शाळेत संगीत शिकवायला लागले, तेही हंगामी. माहेर मिरजेचं, हातात विशारदची पदवी आणि डोक्यात त्या पदवीचा तोरा. माझ्या आधीच्या बाई पंचवीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्या ख्रिस्ती होत्या, एवढंच मला त्यांच्याबद्दल माहीत होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "प्रार्थना मुलींना येते. तुम्ही फक्त पेटी धरा. संमेलनात चांगली झाली की कायम करायचं बघू." ते 'बघू' मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं.

शिक्षिकांच्या खोलीत तर मी अंग चोरूनच बसायची. तिथे एकीने तेलुगूत विचारावं, दुसरीने कानडीत उत्तर द्यावं, तिसरीने "व्हय की" म्हणून हसावं आणि शिपाईणबाईंनी दारातून दखनीत भर घालावी. सगळ्या एकाच वेळी बोलत आणि कुणाचं काही अडत नसे. माझं अडायचं. हशा पिकला की मी पदर सारखा करायची, कारण विषय मीच आहे याची मला खात्री असे. त्यातून शिवणाच्या बाईंची भाची संगीत शिकून घरी बसलेली आहे असं कानावर आलं. मग काय, माझ्या संशयाला खतपाणीच मिळालं. त्या बाईंनी "जेवलात का?" विचारलं तरी मी 'हं' म्हणून मान फिरवायची.

प्रार्थनेच्या पहिल्याच सरावाला मागच्या रांगेतून काहीतरी वेगळं ऐकू आलं. शब्द तेच, ठेका तोच, पण चाल भलतीच, खाली खाली जाणारी. मी पेटी थांबवली, पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. "कोण आहे ते?" म्हटलं तर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

आता कुणी म्हणेल, चाळीस मुलींत पाचसात जणींचा सूर एवढा का टोचावा? तर आमच्या गाण्यात गाणारा एक असतो. पेटीवाला त्याच्या मागे सावलीसारखा जातो. त्याने मधेच स्वतःचं काही वेगळं काढलं, तर एक तर तो चुकला, नाहीतर गायकाशी खोडसाळपणा करतोय. तिसरं काही असू शकतं असं मला कुणी शिकवलंच नव्हतं.

मी माझ्या गुरुजींची पद्धत काढली. मुली गात असताना रांगेतून फिरायचं आणि प्रत्येकीच्या तोंडाशी कान न्यायचा. मागच्या रांगेतल्या मुली नववीतल्या एका मुलीच्या आधाराने गात होत्या, हे लगेच कळलं. ती पूर्व भागातल्या एका विणकराची मुलगी, घरची भाषा तेलुगू. तिच्या वर्गशिक्षिकेने मला सांगितलं होतं, "वर्गात तोंड उघडत नाही ती. मराठी बोलायला लाजते. गाण्याच्या तासालाच काय तो तिचा आवाज ऐकू येतो." मी तिला उभं केलं आणि एकटीला म्हणायला लावलं.

तिने म्हटलं, अगदी निर्धास्त, डोळे मिटून. त्यात प्रार्थनेची चाल कुठेच नव्हती. खोडसाळपणाचा मला पुरावाच सापडला.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"असंच हाय बाई. आमचं असंच हाय."

"आमचं म्हणजे कुणाचं?"

त्या 'आमचं'ने माझं डोकं फिरलं. मधल्या सुट्टीत पाहते तर ती जिन्याखाली शिवणाच्या बाईंशी तेलुगूत बोलत होती. मला बघताच दोघी थांबल्या. माझी नोकरी घालवायचा डाव आहे, याबद्दल आता शंकाच उरली नाही.

बाकीच्या मुली दटावल्यावर मुकाट्याने पुढच्या रांगेची चाल म्हणू लागल्या. ही मात्र दुसऱ्या दिवशीही खालीच गेली. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझा सूर चुकतो. उद्यापासून येऊ नकोस." ती वही छातीशी धरून निघून गेली. मला हायसं वाटलं, हे कबूल करायला हवं.

संमेलनात मुलींनी एका आवाजात प्रार्थना म्हटली, इस्त्री केल्यासारखी सरळ. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिकांनी लांबूनच 'झालं तुमचं' अशी मान हलवली. निवृत्त बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. मांडव रिकामा झाल्यावर त्या माझ्यापाशी आल्या.

"छान बसवलंत. पण खालचा आवाज का काढून टाकलात?"

मला ती खोच वाटली. "कुठला खालचा आवाज?" मी फटकन विचारलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मला पेटीपाशी नेऊन बसवलं. "तुम्ही तुमची चाल म्हणा. माझ्याकडे लक्ष देऊ नका."

मी सुरू केलं. त्या खालून आल्या. तीच चाल, त्या मुलीची. एकटी ऐकली तेव्हा धडधडीत चुकलेली ती चाल आता माझ्या चालीच्या सोबतीने निघाली. मी वर जाई तेव्हा ती जागची हलत नसे, मी थांबे तेव्हा ती पुढे जाई. माझा आवाज मला इतका भरीव कधीच वाटला नव्हता. दुसऱ्या ओळीत मी थांबले. मला रडू येत होतं आणि भयंकर लाज वाटत होती.

"चर्चमध्ये आम्ही चार आवाजांत गातो," बाई म्हणाल्या. "मुलींना मी दोनच शिकवले. खालचा अवघड. शेजारची वेगळं गात असताना आपलं धरून ठेवायचं असतं. ती विणकराची मुलगी बरोबर धरायची. पाचवीपासून तयार केली मी तिला. कुठंय ती?"

मी पेटी बंद केली. दुसऱ्या दिवशी शिवणाच्या बाईंना गाठून जिन्याखालचं विचारलं. त्या म्हणाल्या, "रडत होती पोरगी. तिला मराठीत सांगता येईना, म्हणून 'जुन्या बाईंनी असंच शिकवलंय, तुमी नव्या बाईंना सांगा' म्हणत होती. पण तुमी तर माझ्याशी धड बोलतही न्हाई. मग मी बी गप बसले."

रविवारी मी पूर्व भागात तिच्या घरी गेले. मागाची खटखट चालू होती. तिची आई मुलीला तेलुगूत काहीतरी बजावत होती, चादरी न्यायला आलेल्या माणसाला दखनीत झापत होती, दारातली शेजारीण कानडीत आपलंच काही सांगत होती, आणि त्यातच मला "बसा की बाई, चहा टाकते" झालं. कुणी कुणासाठी थांबत नव्हतं. शाळेत याच गलक्याला मी कट समजत आले होते.

मी मुलीला म्हटलं, "चूक माझी होती. तू परत ये गाण्याला."

तिचा चेहरा उजळला. "बाई, मी रोज म्हणत हुते घरी. लई सराव केला." आणि ती उभी राहून गायली. वरची चाल. एक सूर इकडचा तिकडे नाही.

"आता बरोबर हाय की, बाई?"

"बरोबर आहे. पण तुझी ती आधीची म्हण ना. खालची. मला तीच हवी आहे."

तिचं हसू थांबलं. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, डोळे बारीक करून. हा काय नवा सापळा, असं ती नजर विचारत होती. सहा महिने मी शाळेत प्रत्येकीकडे तशीच बघत होते, म्हणून मला ती लगेच ओळखू आली.

"न्हाय बाई," ती म्हणाली. "ते चुकीचं हाय. तसं मी आता म्हणत न्हाय."

मी तिथेच बसून प्रार्थना सुरू केली आणि हाताने तिला खाली ये, खाली ये अशी खूण करत राहिले. तीनदा म्हटली. तिन्ही वेळा ती माझ्याबरोबर वरच गायली, अगदी सुरात, माझ्या तोंडावरची नजर न काढता.