तिसऱ्या मजल्यावरची जादा उशी

मावशी माझी सख्खी, पण त्या हॉटेलातली झाडून सगळी माणसं तिला मावशीच म्हणतात. लहानपणी मला या गोष्टीचा राग यायचा, आता सवय झाली. बावीस वर्षं ती तिथे खोल्या आवरते आहे आणि गेली काही वर्षं तिसरा मजला तिच्या ताब्यात आहे. ताब्यात म्हणजे अगदी ताब्यातच. त्या मजल्यावर साहेबलोकसुद्धा बूट पुसून चढतात.

हॉटेलच्या समोर कोर्ट आणि मागे हॉस्पिटल, त्यामुळे तिथे हौसेने उतरणारं कुणी नसतं. तारखेला आलेले पक्षकार, त्यांचे वकील, पेशंटचे नातेवाईक, औषध कंपन्यांचे विक्रेते, असलीच गिऱ्हाइकं. या लोकांना खोलीकडून फार काही नको असतं. गरम पाणी, कोरडा टॉवेल आणि मोबाइल उशाशी ठेवून चार्ज करता येईल असा एक प्लग. "एवढं दिलं," मावशी म्हणायची, "की माणूस केस हरला तरी आपल्याला नावं ठेवत नाही."

मग इस्त्रीसाहेब आले. हे नवे मॅनेजर. बसून उठले तरी त्यांच्या शर्टाला सुरकुती पडत नसे, म्हणून पहिल्याच आठवड्यात हे नाव पडलं. माणूस वाईट नव्हता. पण कुठल्याशा मोठ्या हॉटेलात काम करून आला होता आणि तिथलं सगळं इथे आणायचं त्याने मनावर घेतलं होतं. सुरुवात तिसऱ्या मजल्यापासून.

बाथरूमची भिंत पाडून तिथे काच बसली. पारदर्शक. एकमेकांविरुद्ध केस लढणारे दोन सख्खे भाऊ एकाच खोलीत उतरायचे. आता एक अंघोळीला गेला की दुसरा जिन्यात जाऊन उभा राहू लागला. चोरी होऊ नये म्हणून हँगर दांडीला कायमचे जोडून टाकले, तेव्हा कोट टांगायचा तर कपाटात डोकं घालावं लागे. साबण बिस्किटाएवढा, आणि त्याचा कागद ओल्या हाताने काही केल्या फाटेना. दाताने फाडला की तोंडाला फेस. पलंगाशेजारी आठ बटणं, त्यातलं कुठलं कशाचं हे फक्त वायरमनला ठाऊक, आणि तो काम सोडून गेलेला.

हे सगळं मावशीने सोसलं. पण एके दिवशी साहेबांनी बादल्यांना हात घातला.

"बादली-मग दिसला की लोक आपल्याला लॉज समजतात," ते म्हणाले. "यापुढे फक्त शॉवर."

"आणि ज्याला डोकं भिजवायचं नसेल, त्याने काय करायचं?"

"टोपी घालायची. प्लास्टिकची. ठेवलीय ना आपण!"

"बरं," मावशी म्हणाली.

आमच्या घरात मावशी भांडते तेव्हा कुणी तिला घाबरत नाही. ती "बरं" म्हणाली की मात्र तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, पेपरची घडी घालून बाहेर फिरायला जातात. साहेबांना हे कुठून माहीत असणार? भंगारात निघालेल्या बादल्यांपैकी चौदा वाटेतच गळाल्या आणि चादरी ठेवायच्या खोलीत जुन्या पडद्यांमागे, एकात एक घालून, उभ्या राहिल्या.

पहिली बादली गेली ती हाताला प्लास्टर असलेल्या एका आजींच्या खोलीत. त्यांची मुलगी रडकुंडीला आली होती. छतातून एकदम धबधबा सुटायचा, त्यात आजींना प्लास्टर कुठे धरावं कळेना. शिवाय नव्या शॉवरला पाणी एक तर उकळतं नाही तर बर्फ, मधलं काही नाही. मावशीने बादली शॉवरखाली ठेवली.

"गरम-गार दोघांना आधी हिच्यात भांडू द्या," ती म्हणाली, "समेट झाला की मग अंघोळ करा."

आजींची मुलगी ही गोष्ट दुपारी शेजारच्या खोलीत बोलली. संध्याकाळपर्यंत पाच जणांनी बादली मागितली.

आता पंचाईत झाली रिसेप्शनवरच्या मुलीची. गिऱ्हाइकाने मागितलेली प्रत्येक गोष्ट कॉम्प्युटरमधल्या यादीतून निवडून नोंदवायची, असा साहेबांचा नियम. यादीतली बादली त्यांनी स्वतःच उडवली होती. मुलीने वर फोन केला.

"मावशी, काय लिहू?"

"यादीत काय काय आहे?"

"टॉवेल, पांघरूण, इस्त्री, जादा उशी."

"इस्त्रीला यात ओढू नकोस," मावशी म्हणाली. "उशी लिही."

तिथून पुढे बादलीला तिसऱ्या मजल्यावर उशी म्हणू लागले. नेहमीची गिऱ्हाइकं तर अशी तयार झाली की काही विचारू नका. औषधवाले फोनवर सांगायचे, "एक उशी पाठवा, जरा रुंद तोंडाची." एका म्हाताऱ्या वकिलांनी खाली येऊन, लॉबीत साहेब उभे असताना, खड्या आवाजात तक्रार केली, "कालची उशी बुडाशी गळत होती!" रिसेप्शनवरच्या मुलीने चेहऱ्यावरची माशी हलू न देता सांगितलं, "माफ करा सर, लगेच बदलून देते."

साहेबांना वाटलं, कापूस गळत असेल.

महिना संपला आणि साहेबांनी कॉम्प्युटर उघडला. बाकीच्या मजल्यांवर उशांची मागणी नेहमीसारखी, तिसऱ्या मजल्यावर चौपट! साहेब हरखून गेले. लगोलग सगळ्यांना बोलावून त्यांनी जाहीर केलं, की नव्या खोल्यांमध्ये लोकांना इतकी गाढ झोप लागते आहे की उशा पुरत नाहीत. मावशी मान खाली घालून बसली होती. साहेबांना तो तिचा विनय वाटला.

आठ दिवसांत साठ नव्या उशा आल्या. मऊ, कडक, मानेखालची, गुडघ्यांत धरायची, आणि एक जात धान्याची टरफलं भरलेली, कूस बदलली की पोत्यावर उंदीर पळाल्यासारखी वाजणारी. या सगळ्यांचा मुक्काम चादरींच्या खोलीत. बिचाऱ्या बादल्या बेघर झाल्या. मावशीने डोकं चालवलं. एकेका बादलीला अभ्रा चढवला, तोंडाशी नाडी बांधली आणि उशांच्याच रांगेत बसवून दिलं. साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांनी कौतुकाने एकीला थोपटलं. ती ठण्ण वाजली.

"ही कडकवाली," मावशी म्हणाली.

"जास्तच कडक आहे."

"पाठीच्या दुखण्यावर देतो."

साहेबांनी हे वहीत लिहून घेतलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण साहेबांनी उशांचा तो आकडा हॉटेल चालवणाऱ्या कंपनीच्या मुख्य कार्यालयात कळवला, आणि एका मंगळवारी सकाळी कंपनीच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, स्वतः हजर झाल्या. साठीच्या, ठेंगण्या, गुडघ्यांनी बेजार, आणि कुणी जास्त बोललं की चष्म्यावरून बघणाऱ्या. प्रवासाने शिणल्या होत्या. अंघोळ करून मग बैठक घेऊ म्हणाल्या. तिसऱ्या मजल्यावरची सगळ्यात चांगली खोली त्यांना दिली.

अर्ध्या तासाने रिसेप्शनवर फोन वाजला. मुलीने घाम पुसत तोच निरोप वर मावशीला दिला.

"मोठ्या बाईंनी उशी मागितलीय. साहेब आत्ताच त्यांच्या खोलीत गेलेत, उशांचे प्रकार सांगायला. कुठली देऊ?"

"नेमकं काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, सगळे मागतात ती पाठवा."

मावशीने फोन दुसऱ्या कानाला लावला. बावीस वर्षांची नोकरी तिच्या डोळ्यांपुढून गेली, असं ती सांगते. काका म्हणतात, काही गेलं नसेल, तिला हसू आवरायला वेळ लागला असेल. "मग तीच द्यायला हवी," असं म्हणून तिने फोन ठेवला.

अभ्रा घातलेली बादली दोन्ही हातांत धरून ती खोलीत शिरली. मोठ्या बाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. साहेब कडक, मऊ, मानेखालची असे प्रकार समजावून सांगत होते. मावशीने बादली टेबलावर ठेवली, नाडी सोडली आणि अभ्रा काढला. आत मगसुद्धा होता.

साहेबांच्या शर्टाला पहिल्यांदाच घामाची सुरकुती पडली.

"हे काय आहे?" मोठ्या बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

"जादा उशी," मावशी म्हणाली. "सगळे मागतात ती."

बाईंनी बादलीकडे पाहिलं, मग काचेपलीकडच्या शॉवरकडे पाहिलं. "अर्धा तास झाला, मी त्या नळाशी झटापट करतेय," त्या म्हणाल्या. "एकदा भाजले, दोनदा गारठले." मग जरा आवाज उतरवून, "बसायला काही मिळेल का? गुडघे वाकत नाहीत माझे."

"स्टूल आहे की. पण ते वेगळं मागावं लागतं," मावशी म्हणाली. "त्याला आम्ही लोड म्हणतो."

मोठ्या बाई जे हसल्या ते थांबेचनात. साहेबांनाही शेवटी हसावं लागलं, दाढदुखीच्या माणसासारखं.

बैठक झालीच नाही. अंघोळ उरकून बाईंनी मावशीला खुर्चीवर बसवलं आणि खोलीत काय काय खुपतं ते विचारलं. मावशीने तासभर सांगितलं. काच, हँगर, साबण, बटणं, काही सोडलं नाही. साहेबांना नोकरीवरून काढलं नाही. तसं मावशीनेच सुचवलं. "नवा माणूस आला तर आणखी काहीतरी काढून टाकेल," ती म्हणाली. बादल्या परत आल्या, काचेला पडदा लागला, आणि एक नवा नियम झाला: यापुढे खोलीत काहीही नवं आलं, की आधी मावशीने एक दिवस पाहुणी म्हणून ते वापरून बघायचं.

साहेब अकरा दिवस तिच्याशी बोलले नाहीत. बाराव्या दिवशी त्यांनी स्वतः खोलीची किल्ली तिच्या हातात दिली. नव्या गाद्या आल्या होत्या.

मावशी काकांना घेऊन गेली. आयुष्यात पहिल्यांदाच ती हॉटेलच्या दारातून, मागच्या नव्हे पुढच्या, आत शिरली. भर दुपारी पलंगावर आडवी झाली, पांघरुणात पाय घालायला गेली, आणि पाय आत जाईनात. चादर गादीखाली चारही बाजूंनी गच्च खोचलेली. उजव्या पायाने ढकललं, डाव्या पायाने ढकललं, शेवटी उठून बसली.

"कुणी खोचलीय ही अशी?" काकांनी विचारलं.

"मीच," मावशी म्हणाली. "सकाळी."

बावीस वर्षं ती अशीच चादर खोचत आली होती. सकाळी खोलीत गेलं की पायथ्याशी ती लाथा मारून उपसलेली दिसायची, आणि मावशी दर वेळी मनात म्हणायची, काय बेशिस्त लोक आहेत! काकांना हसता हसता ठसका लागला. मावशी मात्र गंभीर होती. तिने टेबलावरची तक्रारवही ओढली आणि लिहिलं, "पायाशी चादर फार घट्ट. माणूस आहे, पार्सल नाही." खाली स्वतःची सही केली. मग पुन्हा विचार करून, तक्रार कुणाविरुद्ध या रकान्यातही स्वतःचंच नाव घातलं.

वही खाली गेली तेव्हा साहेबांनी ती दोनदा वाचली, आणि मग मोठ्याने हसत रिसेप्शनवरच्या मुलीला वाचून दाखवली.